‘क्लोज टू द एज’ची एलपी, आठ महिन्यांनंतर: भोक मध्यावरच हवं

येस या ब्रिटिश रॉक बँडचा ‘क्लोज टू द एज’ (१९७२) हा अल्बम कसा आहे, हे इथे कुणाला सांगायला नको. पहिली बाजू भरून एकच रचना, रॉजर डीनचं कव्हर, रेकॉर्डिंग संपल्यावर ड्रमर बिल ब्रुफर्डचं किंग क्रिम्झन या बँडमध्ये जाणं, हे सगळं पाठ असतं. म्हणून आठ महिने वाजवून झालेल्या तबकडीबद्दलच बोलतो, आणि सुरुवात भोकापासून.

नव्या प्रेसिंगची (छापलेल्या तबकड्यांच्या नव्या आवृत्तीची) पहिली प्रत आली तिचं मधलं भोक साधारण एक मिलिमीटर सरकलेलं होतं. दुकानदाराचं म्हणणं, “व्हिनाइलमध्ये एवढं चालायचंच.” नाही चालत. ३३⅓च्या गतीला एक फेरा १.८ सेकंदांचा. सुई मध्यापासून १०० मिमीवर असताना भोक एक मिमी सरकलेलं असेल, तर प्रत्येक फेऱ्यात सूर एक टक्का चढतो आणि एक टक्का उतरतो. प्रमाणश्रुती, म्हणजे आपल्या संगीतातला स्वरांमधला एक अगदी बारीक फरक, ८१/८०, म्हणजे सव्वा टक्का; हे डोलणं जवळजवळ तेवढंच. तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाला हे डोलणं लगेच खटकतं. सुई आत जाईल तसं ते वाढतं, ७० मिमीवर जवळजवळ दीड टक्का होतं.

ख्रिस स्क्वायरचा रिकनबॅकर बेस आणि ड्रम्स भरात असताना हे झाकलं जातं. पण पहिल्या बाजूवर ‘आय गेट अप, आय गेट डाउन’ हा भाग येतो, सगळं शांत होतं, आणि बाराव्या मिनिटाच्या आसपास रिक वेकमनचा ऑर्गन उभा राहतो. तो लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट या चर्चमधला पाइप ऑर्गन. पाइप ऑर्गनचा धरलेला स्वर जागचा हलत नाही. त्या प्रतीवर तो दर फेऱ्याला झोके घेत होता. अख्ख्या अल्बमचा कळस तो, आणि तोच बिघडलेला.

तपासायला उपकरण लागत नाही. बाजू संपतानाच्या कोऱ्या खाचांवर सुई असताना समोरून हेडशेलकडे (सुई बसवलेल्या दांड्याच्या टोकाकडे) बघा. ते दर फेऱ्याला डावी-उजवीकडे हलत असेल तर भोक सरकलंय. वर-खाली हलत असेल तर तबकडी वाकलीय, ती तक्रार वेगळी. मोबाइलवर वीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या आणि तोच पाठवा. इथेही व्हिडिओ पाठवल्यावरच प्रत बदलून मिळाली. बदलीची मुदत असेपर्यंत कानस घेऊन भोक मोठं करायला जाऊ नका, मग कुणीच परत घेत नाही.

दुसरी प्रत मध्यावर बरोबर आहे. तिच्यावरही एक दोष लावला होता, तो मात्र आता मागे घेतो. दुसऱ्या बाजूच्या शेवटी ‘सायबेरियन खात्रू’मध्ये हार्पसिकॉर्ड फाटल्यासारखं वाजायचं आणि गाण्यातले ‘स’ थुंकल्यासारखे उडायचे. दोन महिने दोष प्रेसिंगला दिला. चूक होती. तबकडीच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंमी सरकते, अगदी आत जेमतेम २१ सेंमी. तेवढ्याच आवाजाच्या लाटा निम्म्याहून कमी जागेत कोंबलेल्या असतात, आणि गोल टोकाची सुई त्यांच्यात नीट उतरत नाही. त्यात इथे कार्ट्रिजच (सुई धरणारी डबी) दोन मिमी मागे बसलेलं होतं.

उपाय फुकटात होतो: दोन बिंदूंचा प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिज सरळ बसवायचा कागदी आराखडा) छापा. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा, मग मोजपट्टीने कागदावरची मोजमापपट्टी ताडून बघा, बहुतेकांचं तिथेच चुकतं. हेडशेलचे दोन्ही स्क्रू सैल करून मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिमी या दोन्ही बिंदूंवर कार्ट्रिज रेषांना समांतर बसेपर्यंत सरकवा. त्यानंतर वजनकाट्यावर सुईचा भार कंपनीने दिलेल्या आकड्याइतका लावा. भीतीपोटी कमी ठेवू नका. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि तबकडी जास्त खराब करते. अँटी-स्केटिंग (दांड्याला आत खेचणारी ओढ सावरायची सेटिंग) सगळ्यांत शेवटी.

एवढ्याने ‘स’ सत्तर टक्के तरी बसले. राहिलेलं काम गोल सुई काढून त्याच कार्ट्रिजला मायक्रोलाइन, म्हणजे अरुंद टोकाची सुई लावल्यावर झालं. ती महाग आहे, तरी नवं टर्नटेबल घेण्यापेक्षा पैसे इथे घाला.

बाकी प्रेसिंग शांत आहे. बाजू जेमतेम १९ मिनिटांच्या असल्याने आवाजही भरपूर कोरलाय. जेनेसिसच्या ‘फॉक्सट्रॉट’ची दुसरी बाजू २४ मिनिटांच्या पुढे जाते, तिथे ही चैन नाही. तबकडीचं आतलं पाकीट कागदी आणि खरखरीत आहे, ते पहिल्याच दिवशी बदला.

ही खटपट नको असेल तर स्टीव्हन विल्सनच्या २०१३च्या रीमिक्सचा (मूळ रेकॉर्डिंगचं नव्याने केलेलं मिश्रण) सीडीचा संच घ्या. बेस आणि मागचे आवाज त्यात सुटे ऐकू येतात. ध्वनिमुद्रक एडी ऑफर्डच्या मूळ मिक्समधला घट्टपणा मला जास्त प्रिय, पण ऑर्गन त्या संचात तसूभर हलत नाही.