होला व्हीपीएनची फुकट आवृत्ती: सांगलीतल्या घराच्या, दुकानाच्या आणि अभ्यासिकेच्या कनेक्शनवर नको

वापरायला सोपं: ५ पैकी ४. सुरक्षितता: ५ पैकी शून्य. होला हा एक व्हीपीएन, म्हणजे तुमचं नेट दुसऱ्याच जागेवरून फिरवून तुमचा खरा पत्ता झाकणारं ॲप. हे गुण त्याच्या फुकट आवृत्तीला आहेत, पण ग्राहकांचीच कनेक्शनं एकमेकांना वापरायला देण्याच्या ज्या पद्धतीवर ती चालते त्या पद्धतीच्या सगळ्याच व्हीपीएनना ते लागू पडतात.

विश्रामबागेतली एखादी अभ्यासिका घ्या. तीस-चाळीस मुलं, एक फायबर कनेक्शन, एक राउटर. त्यातल्या एकानं परदेशातला एखादा व्हिडिओ बघण्यासाठी लॅपटॉपवर असं ॲप टाकलं की बाहेरच्या जगाला दिसणारा सगळ्या अभ्यासिकेचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा कनेक्शनचा क्रमांक) अनोळखी लोकांच्या वापरात ओढला जातो. बाकीच्यांना ते कळतही नाही. मार्केट यार्डात ज्या संगणकावरून हळदीची बिलं आणि जीएसटीचे रिटर्न जातात, किंवा ज्या सेवा केंद्रात लोकांचे आधार आणि सातबारा उघडे असतात, तिथे तर हे ॲप असूच नये.

आधी ते चालतं कसं ते बघू. नेहमीचा व्हीपीएन तुमचा डेटा कंपनीच्या सर्व्हरवर नेतो आणि तिथून बाहेर सोडतो. सर्व्हरचं भाडं कुणीतरी भरतं, म्हणून तो बहुधा विकत घ्यावा लागतो. पीअर-टू-पीअर व्हीपीएनमध्ये सर्व्हरच्या जागी दुसऱ्या ग्राहकाचा संगणक असतो. तुम्ही अमेरिकेतल्या कुणाच्या तरी घरातून बाहेर पडता आणि त्याच वेळी कुणीतरी अनोळखी तुमच्या सांगलीतल्या घरातून बाहेर पडतो. टॉर या ओळख लपवणाऱ्या फुकट जाळ्याशी याची गल्लत करू नका. टॉरमध्ये बाहेर पडण्याचं दार चालवणारा माणूस ते जाणूनबुजून, स्वतः सेटिंग करून चालवतो. साध्या वापरणाऱ्यावर ते लादलं जात नाही. इथे मात्र ॲप टाकलं की तुम्ही दार झालात, आणि ही अट नियमावलीच्या लांबलचक पानात असते. होलानं ती लपवलेली नाही, पैसे भरणाऱ्याला यातून सूटही आहे. पण फुकट घेणारे किती जण ते पान वाचतात?

आता तुमच्या पत्त्याला एवढी किंमत का? डेटा सेंटरमधून, म्हणजे सर्व्हर ठेवलेल्या इमारतींमधून, येणारे पत्ते वेबसाइट लगेच ओळखतात आणि अडवतात. घरगुती पत्ता मात्र खऱ्या ग्राहकासारखा दिसतो. म्हणून होलाच्याच मंडळींनी २०१४ मध्ये लुमिनाटी नावाची सेवा सुरू केली आणि फुकट वापरणाऱ्यांची कनेक्शनं तिथे कंपन्यांना विकायला ठेवली. २०१५ मध्ये त्याचा दर जीबीमागे २० डॉलरपर्यंत होता. तीच सेवा २०२१ पासून ब्राइट डेटा या नावानं ओळखली जाते. किमतींची तुलना, जाहिरातींची तपासणी असे तिचे सरळ उपयोग आहेत, हेही खरं. पण कोण काय पाठवतंय हे दाराच्या मालकाला, म्हणजे तुम्हाला, दिसत नाही. पैसे भरायचे नसतील तर दार बंद करण्याचा एकच मार्ग तुमच्या हातात असतो, ॲप काढणं.

मे २०१५ मध्ये ८चॅन या निनावी चर्चेच्या साइटवर हल्ला झाला आणि तो होलाच्याच जाळ्यातून आल्याचं तिच्या संस्थापकानं जाहीर केलं. त्याच महिन्यात संशोधकांनी होलाच्या ॲपमधल्या त्रुटी दाखवल्या. ॲप चालू असताना नुसतं एखादं घातक वेबपान उघडलं तरी बाहेरून संगणकावर प्रोग्राम चालवता येत होता, आणि काही संगणकांवर तो सगळ्यात वरच्या अधिकारानं चालत होता. जुलै २०१८ मध्ये होलाचं क्रोम एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) सुमारे पाच तास हल्लेखोरांच्या ताब्यात होतं आणि एका क्रिप्टो वॉलेटच्या वापरकर्त्यांना त्यातून लक्ष्य केलं गेलं. त्याच वर्षी ट्रेंड मायक्रो या सायबर सुरक्षा कंपनीनं स्पष्ट लिहिलं की हा सुरक्षित व्हीपीएन नाही, एन्क्रिप्शन (डेटा गुप्त लिपीत बदलणं) नसलेली प्रॉक्सी, म्हणजे नुसती मध्यस्थ सेवा आहे. म्हणजे ज्या कामासाठी लोक व्हीपीएन घेतात, नेमकं तेच काम यात नाही.

होलानं निदान अट लिहून तरी ठेवली आहे. यापेक्षा वाईट प्रकार म्हणजे ९११ एस५ नावाचं जाळं. मास्क व्हीपीएन, ड्यू व्हीपीएन, पॅलाडिन व्हीपीएन, शील्ड व्हीपीएन, शाइन व्हीपीएन आणि प्रॉक्सीगेट ही ती ॲपं. व्हीपीएन फुकट मिळायचा आणि मागच्या दारानं संगणक गुन्हेगारांना भाड्यानं जायचा. मे २०२४ मध्ये अमेरिकेनं हे जाळं बंद पाडलं तेव्हा त्यात १.९ कोटी आयपी पत्ते असल्याचं सांगितलं गेलं. यातलं एखादं नाव तुमच्या संगणकावर दिसलं तर पुढचं वाचण्याआधी नेट तोडा.

सांगलीकराच्या दृष्टीनं यातलं सगळ्यात जड प्रकरण कायद्याचं आहे. इंटरनेट देणाऱ्या कंपनीला, कोणत्या ग्राहकाला कोणत्या वेळी कोणता पत्ता दिला होता, याच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. मोबाइलवर शेकडो ग्राहक एकाच पत्त्यामागे असले तरी वेळ आणि पोर्ट क्रमांकावरून (त्या जोडणीला दिलेल्या क्रमांकावरून) नेमका ग्राहक काढता येतो. पोलिसांकडे तक्रार आली की माग तुमच्या घरापर्यंत, अभ्यासिकेच्या मालकापर्यंत येऊन थांबतो. तुमच्या कनेक्शनमधून खरं कोण गेलं, ही नोंद असलीच तर परदेशातल्या कंपनीकडे. व्हीपीएन वापरणं भारतात गुन्हा नाही, पण तुमच्या नावावरच्या कनेक्शनमधून झालेल्या गोष्टीचा खुलासा तुम्हालाच करावा लागतो.

डेटाचं गणितही उलटं आहे. अनोळखी माणसानं तुमच्यामार्फत १ जीबी उतरवलं, तर ते आधी साइटवरून तुमच्याकडे येतं आणि मग तुमच्याकडून त्याच्याकडे जातं. तुमच्या लाइनवर १ जीबी डाउनलोड आणि १ जीबी अपलोड, दोन्ही होतात. महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असलेल्या फायबरवर हे चटकन जाणवत नाही. दिवसाला दीड जीबीच्या रिचार्जवर दुपारीच जाणवतं. जाळ्याचं ॲप नीट लिहिलेलं नसेल तर आणखी एक भोक उरतं: बाहेरच्या माणसाची विनंती तुमच्या घरातल्याच उपकरणांकडे वळू शकते. राउटरचं सेटिंग पान, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, शेअर केलेला प्रिंटर. राउटरचा आणि डीव्हीआरचा पासवर्ड अजून कंपनीनं दिलेलाच असेल तर तो आजच बदला, व्हीपीएन असो वा नसो.

तुमचा संगणक दार झालाय का हे असं तपासा. ब्राउझर, व्हॉट्सॲप, क्लाउड बॅकअप सगळं बंद करा, विंडोज अपडेट थांबवा. स्टार्टमध्ये ‘रिसोर्स मॉनिटर’ शोधून उघडा आणि नेटवर्कच्या टॅबमध्ये १५ मिनिटं बघत बसा. शांत संगणक थोडीफार देवाणघेवाण करतोच. पण एखादा प्रोग्राम सतत पाठवतोय, येणारा आणि जाणारा आकडा जवळपास सारखा आहे आणि समोरच्या पत्त्यांची यादी लांबत चालली आहे, तर तो दार चालवतोय असं समजा. दुपारी काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. अशी ॲपं बहुधा संगणक मोकळा असताना काम करतात. तीच चाचणी रात्री पुन्हा करा, किंवा राउटरवर रात्रभराचा अपलोड सकाळी बघा. सगळ्या साइट वारंवार ‘तुम्ही माणूस आहात का’ विचारायला लागल्या, तर तीही एक खूण आहे. तुमचा पत्ता कुठल्यातरी काळ्या यादीत गेलेला असू शकतो.

काढताना लोक एक चूक हमखास करतात: डेस्कटॉपवरचं चिन्ह उडवतात आणि झालं म्हणतात. चिन्ह गेलं तरी मागे चालणारी सर्व्हिस तशीच राहते. इन्स्टॉल केलेल्या ॲपच्या यादीतून रीतसर काढा, संगणक रीस्टार्ट करा, मग टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये आणि ‘सर्व्हिसेस’मध्ये त्याच नावाचं काही उरलंय का बघा. नेटवर्क सेटिंगमधल्या प्रॉक्सीच्या पानावर तुम्ही न भरलेला पत्ता किंवा स्क्रिप्ट असेल तर बंद करा. हे राहून गेलं तर ॲप काढल्यावर नेटच चालत नाही आणि लोक घाबरून तेच ॲप परत टाकतात. क्रोममध्ये एक्स्टेन्शनची यादी वेगळी तपासावी लागते, कारण विंडोजमधून काढलेलं ॲप तिथलं एक्स्टेन्शन काढत नाही. सगळ्या साइटवरचा डेटा वाचायची आणि बदलायची परवानगी मागणारं फुकट व्हीपीएन एक्स्टेन्शन तुमच्या बँकेचं पानही वाचू शकतं. अँड्रॉइडवर सेटिंगमधल्या व्हीपीएनच्या पानावरून जोडणी काढून टाका (‘फर्गेट’), नंतर ॲप काढा. त्यानंतर ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, पण दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून.

मग वापरायचं काय? आधी गरज तपासा. बँक, यूपीआय, जीएसटी यांना व्हीपीएन लागत नाही, त्यांचं एन्क्रिप्शन मुळातच असतं. उलट परदेशी पत्त्यावरून कित्येक सरकारी साइट उघडतच नाहीत. एसटी स्टँडवरच्या वायफायची भीती वाटत असेल तर स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट पुरतो. तरी हवाच असेल, तर प्रोटॉन व्हीपीएनची फुकट आवृत्ती कंपनीच्या सर्व्हरवर चालते, तुमचं कनेक्शन कुणाला देत नाही आणि डेटावर मर्यादाही घालत नाही. देश मनासारखा निवडता येत नाही आणि एका वेळी एकच उपकरण जोडता येतं, ही तिची खोट. अभ्यासिकेच्या मालकांनी राउटरवर पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क काढावं आणि कार्यालयाचा संगणक, सीसीटीव्ही त्यावर ठेवू नये. सेवा केंद्रात रोजच्या कामाला ॲडमिन नसलेलं खातं वापरलं, तर पासवर्डशिवाय असं ॲप सगळ्या संगणकावर बसवणं बरंच अवघड होतं.

पोलिसांची नोटीस आधीच आली असेल तर मात्र यातलं काहीही काढू नका आणि फॉरमॅट तर मुळीच करू नका. नेटची वायर काढा. ॲपचं नाव, ते टाकल्याची तारीख आणि नेटवर्कच्या नोंदी यांचे फोटो काढून ठेवा. वकिलाला सोबत घ्या आणि तो संगणक जसा आहे तसाच दाखवा. कनेक्शनमधून दुसरंच कुणीतरी जात होतं, याचा पुरावा त्याच संगणकात असू शकतो.