सदाशिव पेठेतला रविवारचा तत्त्वज्ञानाचा क्लास, माझा अनुभव

8 रविवार, सकाळी दीड तास, एका जुन्या वाड्यातला हॉल. शिकवणाऱ्या मॅडम रिटायर्ड प्राध्यापिका आहेत. पहिल्याच दिवशी धो धो पाऊस होता आणि त्यांनी विचारलं, बाहेर पाऊस पडतोय हे तुम्हाला कसं कळलं? खिडकी बंद, फक्त पत्र्यावरचा आवाज येत होता, म्हणजे अनुमान. तेवढ्यात एक काका ओली छत्री झटकत आले आणि म्हणाले काय पाऊस आहे, तर हे झालं शब्दप्रमाण, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून कळणं! प्रमाण म्हणजे ज्ञान मिळवण्याचा मार्ग. भारतीय दर्शनांपैकी चार्वाक फक्त प्रत्यक्ष (स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं) मानतात, सांख्य प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द अशी तीन प्रमाणं मानतात आणि न्यायवाले उपमान (साम्यावरून कळणं) धरून चार, हे मला तिथे बसल्या बसल्या समजलं. शब्द प्रमाण कधी, तर सांगणारा आप्त असेल तेव्हा, आणि आप्त म्हणजे इथे नातेवाईक नाही तर विश्वासार्ह माणूस, हे ऐकल्यापासून व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही फॉरवर्ड करताना माझा हात थांबतो, खरंच.

मनावरच्या सेशनला एका ताईंनी विचारलं, आईला स्मृतिभ्रंश झालाय, ती मला ओळखत नाही, मग तिची माया पण गेली का? मॅडमनी लगेच उत्तर दिलं नाही, चष्मा काढून हातात धरला आणि बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, आठवण आणि माया एकच आहेत का यावर आपण सगळे आठवडाभर विचार करू. मला ते फार आवडलं.

खुर्च्या प्लास्टिकच्या आहेत, पाठ दुखते. पार्किंग नाहीच, बसने या. मूल्यांच्या विषयाला एकच रविवार दिला तो कमी पडला, निदान दोन तरी हवेत. पुढच्या बॅचला मी आईला घेऊन जाणार आहे.