शाळेत येणारा जिम्नॅस्टिक्स क्लब: घ्यावा का, आणि घेताना काय पाहावं

क्लबचे कोच शाळेच्या हॉलमध्ये येतात, सोबत गाद्या, बुटका बीम (तोल सांभाळत चालायची अरुंद पट्टी), स्प्रिंगबोर्ड (उसळी देणारी फळी) आणतात आणि आठवड्यातला एक पीटीचा तास चालवतात. सत्र साधारण दहा-बारा आठवड्यांचं. ज्या शाळेकडे साधनंही नाहीत आणि ती वापरायला शिकलेला शिक्षकही नाही, तिच्यासाठी ही सेवा खरोखर कामाची आहे. मात्र क्लबागणिक दर्जात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. कोचच्या पदकांवरून तो कळत नाही. तास चालू असताना रांगेकडे पाहिलं की पाच मिनिटांत कळतो.

हिशोब करून पाहा. चाळीस मुलं, एक लांब गादी, एका कोलांटउडीला जाऊन-येऊन 20 सेकंद. एक फेरी पुरी व्हायला 13 मिनिटांहून जास्त लागतात. 45 मिनिटांच्या तासातून हजेरी, वॉर्मअप आणि आवराआवर वजा केली की 28-30 मिनिटं उरतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोन कोलांट्या आणि बाकी वेळ भिंतीला टेकून ढकलाढकली. हीच मुलं सहा थांब्यांवर, म्हणजे वेगवेगळ्या सरावाच्या सहा जागांवर वाटली की एका ठिकाणी सहा-सात जण येतात आणि तेवढ्याच वेळात प्रत्येकाची पाळी बारा वेळा येते. सहा थांब्यांना सहा कोच लागत नाहीत, दोन-तीन पुरतात. कोलांटी आणि बॉक्सवरची उडी कोचच्या हाताखाली ठेवायची. बीमवर चालणं, टक (गुडघे छातीशी), पाईक (पाय सरळ जोडून कमरेत वाकणं) आणि स्ट्रॅडल (सरळ पाय फाकवून) हे आकार, एका पायावरचा तोल हे थांबे मुलं चित्रांचं कार्ड बघून चालवतात. कोच नसलेल्या थांब्यावर डोकं खाली जाणारं किंवा उंचीवरून उडी मारायचं काहीही असू नये. क्लबला पहिला प्रश्न हाच विचारावा: एका मुलाला एका तासात किती पाळ्या मिळतील? उत्तर चाचरत आलं तर पुढचा क्लब बघावा.

दुसरी कसोटी पहिल्या दोन आठवड्यांची. चांगला क्लब या काळात कार्टव्हीलचं, म्हणजे हात टेकून चाकासारखं बाजूला फिरण्याचं, नावही काढत नाही, उतरणं आणि पडणं शिकवतो. आधी चवडे, मग टाचा, गुडघे वाकलेले आणि बोटांच्या दिशेतच, हात पुढे, आणि तीन सेकंद जागेवर स्थिर. मागे तोल गेला तर हात मागे टेकायचा नाही, हनुवटी छातीला लावून पाठीवर लोळायचं. मनगट आणि कोपर मोडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मागे टेकलेला तो ताठ हात. ही सवय अंगवळणी पडायच्या आत मुलांना बॉक्सवर चढवणारा क्लब घाई करतोय, हे नक्की.

कोलांटउडीत बहुतेक मुलांची एकच गोची होते: लोळून झाल्यावर हात जमिनीला टेकून उठतात. कोच ‘हात नको, हात नको’ म्हणून ओरडत राहतो, पण दोष हातात नसतो. टाचा नितंबांपासून लांब राहतात, त्यामुळे वजन पायांवर येतच नाही. उपाय म्हणजे उताराची गादी. उतारावर वेग आपोआप मिळतो, गुडघे जवळ ठेवायला सवड मिळते आणि मूल पायांवर उभं राहतं. मग हळूहळू सपाट गादीवर यायचं. कोलांटी सुरू करताना वजन हातांवर घ्यायचं आणि खांद्यांच्या मागच्या भागावर लोळायचं. टाळू टेकली की मान दबते. उलटी कोलांटी सगळ्या वर्गाला थेट सपाट गादीवर करायला लावणारा क्लब तर नकोच. तिथे हातांनी नीट ढकललं नाही तर सगळा भार मानेवर येतो.

गाद्यांबाबत शाळा सहज फसतात. जितकी जाड तितकी सुरक्षित, हा समज चुकीचा. 20-30 सेंटिमीटरची मऊ गादी पाठीवर पडायला ठीक, पण पायांवर उतरताना पाऊल तिच्यात रुततं आणि घोटा मुरगळतो. लोळण्यासाठी चार-पाच सेंटिमीटरची घट्ट गादी हवी, खाली न सरकणारा थर हवा, आणि दोन गाद्या वेलक्रोने जोडलेल्या हव्यात. फटीत पाय अडकणं हा अपघात किरकोळ वाटतो, पण घडतो वारंवार. मुलं अनवाणी हवीत. मोजे घातलेल्या मुलाला बीमवर चढू देणारा कोच बाकी काय बघत असेल?

बीमचं मात्र कोडं नाही. स्पर्धेतला बीम 10 सेंटिमीटर रुंद, 5 मीटर लांब आणि 125 सेंटिमीटर उंच असतो. शाळेत तीच रुंदी जमिनीलगत पुरते. नजर पायांवर न ठेवता बीमच्या टोकावर ठेवायची, एवढं सांगितलं तरी अर्धी डगमग थांबते.

स्प्रिंगबोर्डवर मुलं धावत येतात आणि ऐनवेळी थबकतात. भीतीपेक्षा पावलांचा घोळ मोठा असतो: एका पायावरून झेपावून दोन्ही पायांनी बोर्डावर आपटायचं, हे जमत नाही. म्हणून आधी जमिनीवर ठेवलेल्या रिंगमध्ये ही झेप घोटून घ्यायला हवी. शिवाय मोठ्या खेळाडूंसाठी लावलेल्या कडक स्प्रिंगा हलक्या मुलांच्या वजनाने दबतच नाहीत. काही स्प्रिंगा काढून बोर्ड आणावा. हँडस्टँड (हातांवर उलटं उभं राहणं) भिंतीकडे पोट करून, पायांनी भिंत चढत शिकवलेला बरा, कमरेची कमान होत नाही. मनगटांवर भार देणारे थांबे सलग ठेवू नयेत. वाढीच्या वयात मनगटाजवळची वाढपट्टी, म्हणजे हाड जिथून वाढतं तो नाजूक भाग, दुखावते.

स्प्लिट्स (पाय पूर्ण फाकवून जमिनीवर बसणं) करताना मुलाच्या खांद्यावर दाब देऊन खाली ढकलणारा कोच दिसला तर तास तिथेच थांबवायचा. ब्रिटिश जिम्नॅस्टिक्स या ब्रिटनमधल्या संघटनेबाबतचा अ‍ॅन व्हाइट यांचा 2022 चा अहवाल ताणाच्या नावाखाली दिलेल्या वेदना आणि वजनावरून केलेला अपमान, दोन्हींची नोंद करतो. यात ‘जुनी पद्धत’ म्हणून सोडून देण्यासारखं काही नाही. पात्रतेची आणि पार्श्वभूमी तपासणीची कागदपत्रं मुख्य कोचची दाखवली जातात, तासाला येतो मदतनीस. कागद त्याचेही मागावेत. आणि वर्गशिक्षकाने हॉल सोडू नये.

क्लबचा स्वार्थ उघड आहे, त्याला नवीन सभासद हवे असतात. सत्राच्या शेवटी सगळ्यांना पत्रक देणं रास्त. तासाच्या मध्येच लवचीक मुलं निवडून बाजूला काढणं मात्र चूक, कारण उरलेली मुलं त्याच क्षणी प्रेक्षक होतात. जाडजूड किंवा घाबरट मुलासाठी सोपा पर्याय तयार आहे का, हे विचारावं: उतारावर कोलांटी, हँडस्टँडऐवजी बाकावर पाय ठेवून हातांवर तोल.

करारात दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. परीक्षेसाठी हॉल अडकला तर बुडालेला तास भरून मिळेल की नाही, ही एक. दुसरी, पीटीचे शिक्षक प्रत्येक तासाला एक थांबा स्वतः चालवतील आणि शेवटचे दोन तास कोचच्या देखरेखीखाली ते पूर्ण घेतील. दुसऱ्या अटीला नाही म्हणणाऱ्या क्लबला पुढच्या वर्षीही तेच सत्र विकायचं असतं. पाच शाळांना एकच कोच धावत-पळत पुरवणाऱ्या क्लबशी मात्र करारच नको: तो येतो तेव्हा तासाची दहा मिनिटं गेलेली असतात आणि गाद्या अजून गाडीत असतात.