डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला: आठ महिन्यांनंतर

माझ्या जुन्या गाडीत रात्री सिग्नलला थांबलो की हेडलाइट पिवळे पडायचे. वायपर लावला की इंडिकेटर पार मलूल. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज देणारा डायनॅमो २२ अँपिअरचा, आणि तेवढेही इंजिन पळत असेल तरच. आयडलिंगला तो जवळजवळ काहीच देत नाही. त्याच्या जागी ४५ अँपिअरचा, आतच रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) असलेला अल्टरनेटर बसवला. आता आयडलिंगला दिवे आणि वायपर दोन्ही चालू ठेवून बॅटरीवर १३.६ व्होल्ट मिळतात, थोडी रेस दिली की १४.२.

बसवणं अर्ध्या दिवसाचं काम. पण वायरिंगने पहिला महिना नाचवलं.

गाडी पॉझिटिव्ह अर्थची होती, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं. तशीच ठेवून अल्टरनेटर जोडला असता तर त्यातले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जागीच गेले असते, म्हणून आधी बॅटरी फिरवली आणि इग्निशन कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल केल्या. स्टार्टरला फरक पडला नाही, हीटरचा पंखा मात्र उलटा फिरायला लागला. त्याच्याही वायरी बदलल्या. अँमीटर ३० पर्यंतचाच, त्यामुळे तो काढून व्होल्टमीटर लावला. जुन्या रेग्युलेटरच्या डब्यातलं सगळं सोडवलं आणि रिकामा डबा शोभेला तसाच ठेवला.

मग पहिला घोळ. इंजिन सुरू, मीटरवर १२.३. चार्जिंग शून्य! अल्टरनेटरच खराब निघाला असं धरून तो परत उतरवायला घेतला होता. सहज जोरात रेस दिली आणि काटा टुणकन १४ वर गेला. डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या लाल दिव्याच्या जागी मी कधीतरी हौसेने एलईडी लावला होता, तो दोषी. अल्टरनेटरला जागं व्हायला लागणारा करंट त्या दिव्यातूनच येतो आणि एलईडीतून तो पुरेसा जातच नाही. २.२ वॅटचा साधा बल्ब लावला, किल्ली फिरवल्यावर तो पेटला, आणि इंजिन सुरू होताच विझला.

दुसरी चूक आळसाची. डायनॅमोची जुनी जाड वायरच वापरली होती. दिवे लावून मोजलं: अल्टरनेटरच्या बोल्टवर १४.३, बॅटरीवर १३.५. मधले ०.८ व्होल्ट वायर गिळत होती, आणि हाताला चांगली गरम लागत होती. नवी १० चौरस मिमीची वायर थेट बॅटरीला नेली, बॅटरीजवळ ६० अँपिअरचा फ्यूज टाकला. डायनॅमोच्या फील्डची (आतल्या चुंबकाच्या वेटोळ्याची) बारीक वायर आता लाल दिव्यासाठी वापरतो.

पट्ट्याचं अजून जमलेलं नाही. पुली तीनेक मिलिमीटर पुढे होती, ब्रॅकेटमागे वॉशर घालून सरळ केली, तरी थंड इंजिनावर दिवे लावले की दोन सेकंद किंचाळतो. आणि एक गोष्ट डायनॅमोचीच चांगली होती: बॅटरी पार बसली तरी तो उरलेल्या चुंबकत्वावर उठायचा. आता निदान दिवा पेटण्याइतका जीव तरी बॅटरीत लागतो.

मागच्या महिन्यात एका जुन्या मिस्त्रींनी चार्जिंग बघायला इंजिन चालू असतानाच बॅटरीचं टर्मिनल सैल करायला घेतलं. डायनॅमोच्या काळातली सवय! अल्टरनेटरमध्ये असं केलं की व्होल्टेज उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर दोन्ही जाऊ शकतात. त्यांचा हात धरला, ते जरा रुसलेच. आता बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवलंय: चालू गाडीचं टर्मिनल काढू नये.