परड्यातली मोठी डिश: ठेवावी, दुरुस्त करावी की उतरवावी?

कोल्हापुरात जुन्या बंगल्यांच्या परड्यात, कुठे स्लॅबवर, आठ-बारा फुटी जाळीची छत्री अजून उभी दिसते. घर रंगवायला काढलं की किंवा वरचा मजला चढवायचा ठरला की प्रश्न येतोच: हिचं आता करायचं काय?

फक्त घरात टीव्ही बघायचा असेल तर ६० सेंमीची डीडी फ्री डिश घ्या, मोठीवर पैसे घालू नका. मात्र लगेच भंगारवाल्यालाही बोलावू नका. वाडगा सरळ आहे का, जाळी किती बारीक आहे आणि घरात कुणाला यात रस आहे का, हे आधी बघा. निर्णय या तीन गोष्टींवर होतो.

एवढी मोठी कशासाठी होती

जुने उपग्रह सी-बँडवर, म्हणजे ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, बेताच्या शक्तीने प्रक्षेपण करत. तो क्षीण सिग्नल गोळा करायला वाडगा मोठाच लागायचा. डीटीएच आणि फ्री डिश केयू-बँडवर चालतात. तिथे उपग्रहाची शक्ती बरीच जास्त आणि तरंगलांबी एक तृतीयांश असते, म्हणून छोट्या डिशवर भागतं.

सी-बँड मात्र बंद झालेला नाही. वाहिन्या आजही त्याच मार्गाने केबलच्या हेडएंडपर्यंत (जिथे वाहिन्या गोळा होऊन घरोघरी जातात) पोचतात, म्हणून तिथे मोठ्या डिश अजून रांगेने दिसतात. फरक एवढाच की बहुतेक सशुल्क वाहिन्या आता एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करून पाठवतात आणि त्या उघडणारे अधिकृत रिसीव्हर केबल कंपन्यांना मिळतात, घरगुती ग्राहकाला नाही. कार्ड शेअरिंगवाले (एकाच कार्डावर अनेकांना सशुल्क वाहिन्या चोरून दाखवणारे) बॉक्स घेऊन कुणी आलं तर दारातूनच परत पाठवा. तो प्रकार बेकायदा आहे.

| | १२ फुटी, सी-बँड | ८ फुटी, सी-बँड | ६० सेंमी, केयू-बँड |
|---|---|---|---|
| गेन (डिश सिग्नल किती वाढवते, डेसिबलमध्ये) | सुमारे ४१ डीबी | सुमारे ३८ डीबी | सुमारे ३६ डीबी |
| बीमची रुंदी (डिशला आकाशाचा किती भाग दिसतो) | १.४ अंश | २.१ अंश | २.९ अंश |
| ताशी १०० किमी वाऱ्याचा दाब (भरीव पत्रा धरून) | ६५० किलोच्या आसपास | २९० किलोच्या आसपास | १८ किलोच्या आसपास |
| मुसळधार पावसात | चित्र टिकतं | चित्र टिकतं | काही वेळ जातं |

जाळीला वाऱ्याचा दाब कमी बसतो, पण भोकं बारीक असतील तर लोकांना वाटतं तितका कमी नाही.

पाऊस

मोठ्या डिशची खरी ताकद इथे आहे. केयू-बँडची लहर २.५ सेंमीची, तिला पावसाचे थेंब अडवतात. गगनबावडा-राधानगरीकडून जुलैची दाट सर आली की फ्री डिशवर ‘सिग्नल नाही’ झळकतं आणि सर ओसरली की चित्र परत येतं. सी-बँडच्या ७.५ सेंमीच्या लहरीवर त्याच सरीचा जेमतेम परिणाम होतो. पण दहा-पंधरा मिनिटांच्या खंडासाठी बारा फुटी वाडगा सांभाळणं घरगुती प्रेक्षकाला परवडत नाही. फ्री डिशसाठी ६० ऐवजी ९० सेंमीची भरीव डिश लावली की जवळपास साडेतीन डीबी जास्त मिळतात आणि खंड बराच कमी होतो. हा उपाय स्वस्तही आहे.

दिसतं काय

फ्री डिशवर एकदाच डिश-बॉक्सचे पैसे भरायचे, महिन्याचं काही नाही. सह्याद्रीसह शंभराहून जास्त वाहिन्या मिळतात. बॉक्स एमपेग-४ (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) चालवणाराच घ्या, जुन्या एमपेग-२ बॉक्सवर काही वाहिन्या येत नाहीत. मोठ्या डिशवर मोकळ्या वाहिन्या मिळतात त्या विखुरलेल्या: काही बातम्यांच्या, काही धार्मिक, काही परदेशी. शिवाय एका वेळी एकच उपग्रह. मराठी मालिका आणि क्रिकेट हेच हवं असेल तर हिच्यावर समाधान होणार नाही. ब्रॉडबँड चांगलं असेल तर त्या दोन्हींसाठी तेच बरं.

खर्च करण्याआधीची तपासणी

सगळ्यात आधी दोरीची परीक्षा. वाडग्याच्या कडेला समोरासमोर दोन जागी सुतळी ताणून बांधा. दुसरी सुतळी तिला काटकोनात. मधोमध दोन्ही एकमेकींना नुसत्या टेकायला हव्यात. फट दिसली किंवा एकीने दुसरीला दाबलं तर कडा वाकली आहे. दाबत असतील तर खालची सुतळी वर घेऊन पुन्हा बघा, कारण आधी बांधलेली खालीच राहते आणि फट लपते. सी-बँडला साधारण ५ मिलिमीटरपर्यंतची चूक चालते. त्यापुढे गेन झपाट्याने पडतो. पाकळ्यांचे बोल्ट सैल असतील तर ते आवळूनच पुष्कळदा काम होतं. बरगडीच वाकली असेल तर टीव्हीसाठी तो वाडगा संपला.

मग जाळी. भोकं ७ मिलिमीटरहून मोठी असतील तर सिग्नल आरपार जाऊ लागतो. केयू-बँडसाठी हीच मर्यादा अडीच मिलिमीटर आहे आणि पृष्ठभागाची चूक दीड मिलिमीटरच्या आत लागते. म्हणून जुन्या जाळीवर फ्री डिशचा एलएनबी (सिग्नल वाढवून केबलमध्ये सोडणारा, वाडग्यासमोरचा डबा) बसवायचा विचार सोडून द्या. बीमही पाऊण अंशाहून बारीक होतो, वाऱ्याने जरा हललं की चित्र गेलं.

फीडच्या, म्हणजे वाडग्यासमोर सिग्नल घेणाऱ्या नळीच्या, तोंडात टॉर्च मारून बघा. प्लॅस्टिकची टोपी फुटली असेल तर आत कुंभारमाशीचं मातीचं घर हमखास सापडतं. ओली माती सिग्नल खाते आणि आतली बारीक सळई गंजवते. असला एलएनबी साफ करत बसू नका, बदला. केबलच्या टोकाचा एफ-कनेक्टर सोलून आतली तार हिरवी-काळी पडली असेल तर केबलही बदला.

दुरुस्त करायचीच असेल तर

लागेल ते एवढंच: सी-बँडचा एलएनबीएफ (फीड आणि एलएनबी एकत्र), आरजी-६ केबल (३० मीटरच्या आत), डीव्हीबी-एस२ (उपग्रह प्रक्षेपणाची नवी पद्धत) आणि एमपेग-४ चालवणारा फ्री-टू-एअर (मोकळ्या वाहिन्यांचा) रिसीव्हर. पट्टे, बुश, झिजलेली पिन उद्यमनगरात कुठल्याही लेथवर करून मिळते.

फोकस मोजून काढा, अंदाजाने लावू नका. वाडग्याच्या रुंदीचा वर्ग भागिले (१६ गुणिले खोली). रुंदी २४४ सेंमी आणि खोली ४० सेंमी असेल तर फोकस ९३ सेंमीवर, गुणोत्तर ०.३८. एलएनबीएफच्या अंगावर असे आकडे कोरलेले असतात, कडं ०.३८ वर सरकवून आवळा. फोकसचा बिंदू फीडच्या तोंडापासून अर्धा सेंटिमीटर आत पडला पाहिजे.

कोल्हापुरातून दिशा अशा (उत्तरेकडून पूर्वेकडे मोजलेला कोन, क्षितिजापासून उंची, आणि पीळ म्हणजे एलएनबी स्वतःभोवती किती फिरवायचा; सगळं अंशांत):

| उपग्रहाचं स्थान | दिशा | उंची | पीळ |
|---|---|---|---|
| ६८.५ अंश पूर्व (इंटेलसॅट-२०) | १९९ | ६९ | १८ |
| ८३ अंश पूर्व (जीसॅट-३०) | १५२ | ६८ | २७ |
| १०५.५ अंश पूर्व (एशियासॅट-७) | ११५ | ४९ | ६० |
| ९३.५ अंश पूर्व, फ्री डिश (जीसॅट-१५) | १२९ | ६० | ४८ |

उंची एवढी जास्त आहे की शेजारचा नारळ अगदी डोक्यावर असल्याशिवाय आड येत नाही. उंची मोजायला वाडग्याच्या कडांवर वर-खाली सरळ फळी टेकवा: ६९ अंश उंचीसाठी ती फळी आडव्या रेषेशी २१ अंशांत बसते. होकायंत्र लोखंडी खांबापासून दोन-तीन मीटर लांब धरा. पीळ आधी आकड्याइतका द्या आणि मग दोन्हीकडे थोडा फिरवून रिसीव्हर पडद्यावर दाखवतो त्या क्वालिटीचा सर्वोच्च बिंदू पकडा. स्ट्रेंग्थकडे बघू नका, क्वालिटीकडे बघा.

रिसीव्हरमध्ये एलएनबी फ्रिक्वेन्सी ५१५० ठेवा, २२ किलोहर्ट्झचा टोन बंद. बॉक्स केयूच्या ९७५०/१०६०० वर राहिला तर डिश अचूक असूनही काही दिसत नाही. यात लोकांचे दिवसच्या दिवस जातात.

मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर सूर्य काही मिनिटं उपग्रहाच्या मागे येतो आणि चित्र जातं. हा बिघाड नाही. उलट त्या क्षणी फीडची सावली वाडग्याच्या मध्यावर पडते का बघा. सावली बाजूला पडली तर फीड मध्यावर नाही किंवा डिशची दिशा चुकली आहे, एवढं नक्की कळतं.

नवी अडचण ५जीची. २०२२ च्या लिलावात ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झचा पट्टा मोबाइल कंपन्यांना गेला. ३.४ पासून ऐकणारा जुना एलएनबी जवळच्या टॉवरने दडपून जातो: स्ट्रेंग्थ भरपूर, क्वालिटी शून्य. ३.७ च्या खालचं अडवणारा फिल्टर असलेला एलएनबीएफ घ्या. वेगळा वेव्हगाइड फिल्टर फीड आणि एलएनबी यांच्या मध्येच बसतो, त्यामुळे एकसंध एलएनबीएफला तो लावता येत नाही. केबलवर लावलेल्या फिल्टरचा उपयोग नाही, कारण तोवर एलएनबी आधीच दडपलेला असतो.

टीव्हीला निकामी, तरीही मोलाची

आमच्या मते जुन्या डिशचा आजचा सगळ्यात चांगला उपयोग हायड्रोजन रेषा ऐकण्याचा आहे. आकाशगंगेतला हायड्रोजन १४२०.४ मेगाहर्ट्झवर क्षीण लहरी सोडतो, तरंगलांबी २१ सेंमी. या लांबीला १३ मिलिमीटरपर्यंतचा पोचा आणि सेंटिमीटरभराची भोकं चालतात, म्हणजे सुतळीच्या परीक्षेत नापास झालेला वाडगाही इथे कामाचा. नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटीत ४५ मीटरच्या ३० डिश ताणलेल्या जाळीच्याच आहेत, त्याही याच भौतिकशास्त्रावर.

फीड घरी होतो. १५ सेंमी व्यासाचा, सुमारे २८ सेंमी लांबीचा, एका बाजूने बंद पत्र्याचा डबा घ्या. बंद टोकापासून ९.३ सेंमीवर एन-कनेक्टर बसवून आत ५.२ सेंमीची तांब्याची तार सोडा. कनेक्टरला लागूनच १४२० मेगाहर्ट्झचा फिल्टर असलेला एलएनए (क्षीण सिग्नल वाढवणारा अॅम्प्लिफायर), पुढे केबल आणि आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर). एलएनए खाली खोलीत ठेवला तर केबलच्या गोंगाटातच सिग्नल बुडतो. तोंड डिशच्या फोकसला.

आठ फुटीचा बीम इथे सहा अंशांचा, म्हणून मोटर लागत नाही. दक्षिणेला ४४ अंश उंचीवर डिश स्थिर ठेवा, धनु राशीतलं आकाशगंगेचं केंद्र रोज समोरून सरकतं. पाचेक मिनिटांची सरासरी घेतली की स्पेक्ट्रमवर उंचवटा दिसतो. तो ४.७ किलोहर्ट्झ सरकला तर वायूचा वेग सेकंदाला एक किलोमीटरने वेगळा. अकरावी-बारावीच्या मुलांना स्वतः मोजता येईल असं हे विज्ञान आहे, दिवसा आणि ढगातही चालतं. परिसरातल्या शाळा-कॉलेजला वाडगा देऊन बघण्यासारखा आहे.

उतरवायची ठरली तर

वळवाच्या आधी, मार्चपर्यंत उतरवा. आदल्या दिवशी बोल्टांवर गंजतेल सोडा. पहाटे वारा पडलेला असताना एलएनबी आणि केबल काढा, कडेला दोन बाजूंनी दोर बांधून माणसं धरून उभी करा, मग तोंड आभाळाकडे करून समोरासमोरच्या पाकळ्या जोडीने सोडवा. एकाच बाजूच्या काढल्या तर तोल जाऊन उरलेला वाडगा अंगावर फिरतो. खांब आधी कापायचा मोह टाळा.

विकताना चुंबक लावून बघा: न चिकटणारी जाळी अॅल्युमिनियमची, तिचा दर लोखंडापेक्षा कितीतरी जास्त, ती वेगळी वजन करा. खांब सुस्थितीत असेल तर सोलर पॅनलच्या स्टँडला चालतो. स्लॅबवर बेसप्लेटचे बोल्ट होते त्या भोकांत न आकसणारं ग्राउट भरून वरून वॉटरप्रूफिंग करा. तेही मृग लागायच्या आत.