बिलावर एमएक्स-४, आत पांढरं ग्रीस: थर्मल पेस्टच्या नावाखाली होणारी फसवणूक

लॅपटॉप तापतो म्हणून दुकानात दिला की "पेस्ट सुकलीये, बदलावी लागेल" असं सांगतात. ही थर्मल पेस्ट म्हणजे प्रोसेसर आणि त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक यांच्यामधला थर. पेस्ट सुकल्याचं बहुतेक वेळा खरंच असतं. लबाडी पुढे सुरू होते. बिलावर "आर्क्टिक एमएक्स-४, १ ट्यूब" (आर्क्टिक कंपनीची नावाजलेली पेस्ट) लागते आणि आत जातं ॲम्प्लिफायरच्या ट्रान्झिस्टरला लावतात ते स्वस्तातलं पांढरं सिलिकॉन हीटसिंक कंपाउंड. एमएक्स-४ करड्या रंगाची असते, त्यामुळे कडेला पांढरं दिसलं तर ती एमएक्स-४ नाही हे नक्की. पण करडं दिसलं म्हणजे अस्सल, असंही नाही. एचवाय-५१० नावाची स्वस्त पेस्टही करडीच असते. तिच्या उष्णतावहनाचा आकडा (जितका जास्त तितका चांगला) कंपनीच १.९३ सांगते, तर एमएक्स-४ चा ८.५.

"१ ट्यूब" हीसुद्धा थापच. ४ ग्रॅमच्या ट्यूबमधली अर्धा ग्रॅमही एका लॅपटॉपला लागत नाही. पूर्ण ट्यूबचे पैसे लावले असतील तर उरलेली ट्यूब मागून घ्या. ती तुमची आहे.

हे पकडलं का जात नाही? कारण सुकून भुगा झालेल्या पेस्टपुढे कुठलीही ताजी पेस्ट चांगलीच वाटते. तापमान लगेच उतरतं, गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. लॅपटॉपमध्ये प्रोसेसरवर धातूचं झाकण नसतं, उघड्या सिलिकॉनवरच हीटसिंक बसतो. तापणं-थंड होणं सुरू राहिलं की पातळ ग्रीस हळूहळू कडेला ढकललं जातं, मध्ये कोरडा डाग उरतो, आणि काही आठवड्यांत तापमान पुन्हा ९५ अंशांच्या वर. तोवर दुकानदाराची "टेस्टिंग वॉरंटी" संपलेली असते.

याहून बेरकी प्रकार म्हणजे पेस्टला हात न लावता तापमान उतरवणं. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये "मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट" १०० वरून ९९ टक्के केलं की बहुतेक लॅपटॉपचा टर्बो बूस्ट, म्हणजे गरजेला प्रोसेसर घेतो तो जादा वेग, बंद होतो. आकडा सहज दहा-पंधरा अंशांनी खाली येतो आणि मशीनचा वेगही जातो. टास्क मॅनेजरमध्ये कितीही लोड दिला तरी वेग "बेस स्पीड"च्या वर चढत नसेल, तर आधी ही सेटिंग बघा. दुसरी हातचलाखी: "आधी"चं तापमान लोडवर दाखवायचं आणि "नंतर"चं रिकाम्या डेस्कटॉपवर.

म्हणून मशीन देण्याआधी घरीच चार्जर लावून सिनेबेंच आर-२३ या प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकून स्कोअर देणाऱ्या सॉफ्टवेअरची दहा मिनिटांची चाचणी चालवा. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दिसणारं कमाल तापमान, क्लॉक स्पीड आणि सिनेबेंचचा स्कोअर यांचा फोटो काढून ठेवा. परत आल्यावर तेच करा, आणि महिन्याने पुन्हा एकदा. तापमान उतरलं पण स्कोअरही घसरला, तर काम पेस्टने झालेलं नाही. प्रोसेसरच्या कोअर-कोअरमध्ये पंधरा-वीस अंशांची तफावत दिसली, तर हीटसिंक तिरका बसल्याचा संशय घ्यावा. त्याच्या स्क्रूंपाशी बहुधा १, २, ३, ४ असे आकडे छापलेले असतात. त्याच क्रमाने, थोडे थोडे, दोन फेऱ्यांत आवळायचे असतात. घाईत एक बाजू पूर्ण आवळली की दुसरीकडे पेस्टचा थर जाड राहतो.

ग्राफिक्स मेमरीवरचे थर्मल पॅड (चिप आणि हीटसिंकमधली फट भरणाऱ्या मऊ पट्ट्या) फाटले की तिथेही पेस्टच थापून देणारे आहेत. ती फट अर्ध्या ते दीड मिलिमीटरची असते, पेस्टने भरत नाही. उलट जास्त जाड पॅड टाकला तर हीटसिंक प्रोसेसरवरूनच उचलला जातो. पॅड मूळ जाडीचाच हवा.

काम समोर करून घेता आलं तर उत्तम. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसलेली दिसली पाहिजे, जुन्यावर नवा थर चालत नाही. लॅपटॉपच्या उघड्या चिपवर पातळ थर सगळीकडे पसरवायचा, कोपरे कोरडे राहता कामा नयेत. झाकण असलेल्या डेस्कटॉप प्रोसेसरवर मात्र मध्यभागी वाटाण्याएवढा ठिपका बहुधा पुरतो, दाबाने तो आपोआप पसरतो.

ट्यूब स्वतः घेऊन जाणार असाल तर पाकिटावरच्या कोडने अस्सलपणा तपासायची सोय आर्क्टिकच्या संकेतस्थळावर आहे. ऑनलाइन मागवली असेल तर पाकीट फोडतानाचा व्हिडिओ ठेवा. फसगत झालीच, तर पेस्टचं नाव लिहिलेलं छापील बिल हाच खरा पुरावा. ते आणि आधी-नंतरचे फोटो हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवता येते.