पाचवी शिष्यवृत्तीचा सराव संच : वर्षभर वापरल्यानंतर

सातपुड्यातील धडगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पाचवीला शिकवते. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात आम्ही शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीसाठी एका खासगी प्रकाशकाचा सराव प्रश्नपत्रिका संच वापरला. प्रकाशकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मी पाहिलेले बहुतेक संच याच धाटणीचे आहेत आणि माझे म्हणणे त्या सर्वांना लागू पडते.

मांडणीच्या बाबतीत संच चोख आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या आराखड्याप्रमाणे पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न, तर दुसऱ्या पेपरात इंग्रजीचे २५ आणि बुद्धिमत्ता चाचणीचे ५० प्रश्न दिले आहेत. प्रत्येक प्रश्नाला २ गुण आणि पेपरला दीड तास, म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला ७२ सेकंद येतात. सोबत मिळणाऱ्या छापील उत्तरपत्रिका ही या संचाची सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. आमच्या मुलांना गोल रंगवण्याची सवय नव्हती. एखादा प्रश्न सोडला की पुढची सगळी उत्तरे एका ओळीने वर सरकत असत, आणि ती चूक दोन-तीन पेपरांतच थांबली. गणिताची स्पष्टीकरणे पायरीपायरीने लिहिली आहेत. बुद्धिमत्तेच्या अनेक उत्तरांपुढे मात्र ‘निरीक्षणावरून’ एवढाच शब्द छापला आहे, आणि ज्या मुलाला नेमके काय पाहायचे हेच उमगलेले नाही त्याला त्या शब्दाचा काहीही उपयोग होत नाही.

माझी खरी तक्रार निकालपत्राबद्दल आहे. उत्तरपत्रिकेचा फोटो ॲपवर चढवला की एकूण गुण, घटकवार टक्केवारी आणि संच वापरणाऱ्या सर्व मुलांमधील क्रमांक येतो. डिसेंबरमधल्या एका पेपरात ‘एका रीममध्ये किती कागद असतात?’ असा प्रश्न होता. पाठ्यक्रमाप्रमाणे २४ कागदांचा दस्ता आणि २० दस्त्यांचा रीम, म्हणून उत्तर ४८०. एका मुलीने ५०० हा पर्याय रंगवला. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “बाई, झेरॉक्सच्या दुकानातल्या पुड्यावर पाचशेच लिहिलेलं असतं.” तिचे म्हणणे खरे आहे, आज बाजारात मिळणारा रीम ५०० कागदांचाच असतो. ४८० रंगवणाऱ्या तिच्या शेजारच्या मुलाला विचारले, तर पर्याय क्रमांक २ बराच वेळ उत्तर म्हणून आला नव्हता, म्हणून त्याने तो निवडला होता. दस्ता म्हणजे काय, हे त्याला सांगता आले नाही. निकालपत्रात त्याला २ गुण मिळाले आणि तिला शून्य, आणि मापन या घटकात ती ‘कच्ची’ ठरली. तो शेरा वाचून तिने वही मिटली, ते मी अजून विसरलेले नाही.

भाषेचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. आमच्या बहुतेक मुलांच्या घरी पावरी बोलली जाते आणि मराठी ती शाळेतच शिकतात. लिफ्ट तळमजल्यावरून पाच मजले वर गेली आणि दोन मजले खाली आली, अशा उदाहरणात ती बेरीज-वजाबाकीला अडत नाहीत, ‘तळमजला’ या शब्दाला अडतात. तेच उदाहरण शाळेच्या पायऱ्यांवर उभे करून विचारले तेव्हा ते वर्गातील बहुतेकांना सुटले. गणित न येणे आणि शब्द न कळणे, या दोन्ही चुका छापील पेपर एकाच रकान्यात टाकतो.

म्हणून जानेवारीपासून दर शनिवारी मी प्रत्येक मुलाला त्या आठवड्याच्या पेपरातील दोनच प्रश्न घेऊन जवळ बसवू लागले: एक बरोबर आलेला आणि एक चुकलेला. उत्तर कसे काढले ते त्याने सांगायचे, हवे तर पावरीत सांगायचे, आणि मी एक ओळ नोंदवायची. यात नवे काहीच नाही. राज्यात २०१० पासून लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनातील आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकवता शिकवता होणाऱ्या मूल्यमापनात, तोंडीकाम आणि प्रात्यक्षिक ही साधने आहेतच. एका मुलामागे सहा-सात मिनिटे लागतात, आणि मोठ्या पटाच्या वर्गाला हे जड जाईल याची मला जाणीव आहे. तरीही पुढच्या आठवड्यात कोणाला काय शिकवायचे, हे मला ॲपच्या टक्केवारीपेक्षा त्या एका ओळीतून अधिक नेमके कळले.

वेळेचा आणि उत्तरपत्रिकेचा सराव हवा असेल, तर हा संच जरूर घ्यावा. पालकांनी क्रमांकाचे पान मुलाच्या हाती देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. प्रकाशकाने पुढच्या आवृत्तीत प्रत्येक पेपरातील निदान दहा प्रश्नांखाली ‘हे उत्तर का निवडले?’ एवढे विचारून दोन ओळी कोऱ्या सोडाव्यात, आणि निकालपत्रातून ‘कच्चा’ हा शब्द काढून टाकावा.